मार्क कोणासाठी लिहितोय?

मत्तय, मार्क, लूक आणि योहान ही चार शुभवर्तमानं, म्हणजे येशूचं चरित्र सांगणारी बायबलमधली पुस्तकं, येशूच्या बारा शिष्यांपैकी चौघांनी लिहिली, असं पुष्कळदा म्हटलं जातं. पण हे परंपरेलाही मान्य नाही. मार्क आणि लूक त्या बारांत नव्हतेच. मजकुरात लेखक आपलं नाव सांगत नाहीत. चारही नावं एकत्र ठामपणे येतात ती इरेनियस या ख्रिस्ती बिशपच्या लिखाणात, साधारण इ. स. १८० मध्ये.

वाचक कोण, याचा माग मात्र मजकुरातच लागतो. जेवणाआधी हात धुण्याची यहुदी चाल मार्क ७ व्या अध्यायात थांबून समजावतो, येशूच्या तोंडच्या ‘तलीथा कूम’ (‘मुली, ऊठ’) या अरामी शब्दांचा अर्थही इतरत्र देतो. (घरच्यांना कोणी एकादशी समजावत बसत नाही!) मत्तय हात धुण्याचा तोच वाद सांगतो, पण खुलासा गाळून. म्हणजे त्याचे वाचक बहुधा यहुदी वळणाचे. लूक तर थियफिलला उद्देशूनच लिहितो. आता हा खरा माणूस, की ‘देवाचा प्रिय’ अशा कुणाही वाचकाला मारलेली हाक, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मला तो खराच वाटतो.