मदत हवी आहे: बीटी कपाशीत गुलाबी अळी येतेच कशी? अर्जंट

पांढरंसोनं: बोंडं फोडली तर आत गुलाबी अळी, सरकी कुरतडलेली, आणि बाहेरून बोंड एकदम ठणठणीत. बियाणं दोन जीनवालं बीटी (झाड स्वतःच अळी मारणारी दोन विषं बनवतं), पक्क्या बिलाचं. दुकानदार म्हणतो अळीला बीटीची सवय झाली, कडक औषध मारा. बाबा उद्याच फवारणार. खरंच सवय लागते का? आणि औषध पटकन सांगा.

रानपाखरू: जिल्हा कुठला, पेरणी कधीची, ओलिताची का कोरडवाहू, आधी काय फवारलंय? काहीच लिहिलं नाही, औषध कसं सांगणार दादा.

वऱ्हाडी_गडी: औषध सोडा, 5 टक्के निंबोळी अर्क मारा. मी दरसाल तेच करतो.

अनुवंश: अर्क सुरुवातीला ठीक, अळी बोंडात शिरली की भोक बुजतं, मग अर्क पोचणार कुठे? आणि सवय लागत नाही हो. बीटी खाल्लेली साधी अळी मरतेच. लाखोंत एखादीला जन्मतःच ते विष बाधत नाही, ती उरते, पुढची पिढी तिची. 2002 ला एक जीनवालं बीटी आलं, 2010 पर्यंत गुजरातेत गुलाबी अळी त्याला दाद देईना. 2006 ला दोन जीनवालं आलं, तर 2017 ला आपल्याकडे त्यालाही न जुमानता गुलाबी अळीने कपाशीचे काय हाल केले ते आठवा.

काळीमाती: मग अमेरिकन बोंडअळी का आटोक्यात आहे? विष तर तेच. बियाणंच बोगस येतंय, दुसरं काही नाही.

अनुवंश: ती तूर, हरभरा, टोमॅटो सगळं खाते. तिथे विष नाही, साध्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग कपाशीतून वाचलेल्यांशी जुळतात. विष न बाधण्याचा जीन आईबाप दोघांकडून आला तरच अळी तगते, एकाकडूनच आला तर सहसा मरते. गुलाबी अळी जवळजवळ फक्त कपाशीवर जगते. म्हणून पाकिटासोबत 120 ग्रॅमची नॉन-बीटी पुडी यायची, कडेने लावायला, म्हणजे तिथे साध्या अळ्या जगून त्यांचे पतंग वाचलेल्यांशी जुळावेत. तिथे काही जण तूर लावतात, तिचा गुलाबी अळीसाठी काडीचा उपयोग नाही.

रानपाखरू: आमच्या गावात ती पुडी कोणी उघडतच नव्हतं.

पांढरंसोनं: यवतमाळ, जूनची पेरणी, विहिरीचं ओलित, फरदड (वेचणीनंतर पाणी देऊन तीच कपाशी पुढे ठेवणं) मार्चपर्यंत.

अनुवंश: इथेच तर घात होतो. मार्चपर्यंत कपाशी उभी म्हणजे वाचलेल्या अळ्यांना पिढ्यांवर पिढ्या खायला मिळतं आणि तोच जीन शिवारभर होतो. फवारणीआधी 20 हिरवी बोंडं फोडा, 2 मध्ये जिवंत अळी निघाली तर फवारायची वेळ झाली. औषध कृषी सहायकाला विचारून घ्या, पण एकाच गटाचं परत परत नको, तिथेही त्या औषधाने न मरणाऱ्या अळ्याच उरतात.

पांढरंसोनं: निम्म्या बोंडांत निघाली. फरदड सोडू का? बाबा ऐकत नाहीत, म्हणतात पाणी आहे तर का सोडायची.

वऱ्हाडी_गडी: सोडा. हे मात्र अनुवंशचं पटलं. डिसेंबरात वेचणी उरकून पऱ्हाटी उपटा आणि बांधावर रचू नका, किडक्या बोंडांत अळी पुढच्या हंगामापर्यंत पडून राहते. पाणी आहे तर हरभरा पेरा, बाबांना तेच सांगा.