मदत हवी आहे: भोपळे सडतायत, हिवाळा कसा काढायचा?

नवलकोल
जरा लवकर सांगा. यंदा सगळं देशी बियाणं लावलं, हायब्रिड एकही नाही. भोपळे मार्चपर्यंत पुरतील असा हिशेब होता. काढून गराजमध्ये रचले, तर आता देठाकडून मऊ पडायला लागलेत. आई म्हणते भोपळ्याला वर्षभर काही होत नाही, माळ्यावर टाक. उरलेले कसे वाचवू?

परसदार
आई बरोबर सांगतात. आमच्याकडे शिंकाळ्यात टांगतात, जमिनीला टेकला की गेलाच. आधी चार दिवस गच्चीवर कडक उन्हात घाला.

दिठी
गराज म्हणताय म्हणजे परदेशात दिसता. कुठे? कोणते भोपळे? देठासकट काढले का? कडाक्याच्या थंडीने पाला काळा पडण्याआधी की नंतर?

नवलकोल
ओहायो, कोलंबसजवळ. गच्चीवर ऊन म्हणे! इथे सकाळी गाडीची काच खरवडावी लागते. बटरनट, एकॉर्न आणि आईने दिलेल्या बियांचा आपला लाल भोपळा. पाला काळा पडल्यावरच काढले, तोवर वेळ कुणाला होता? देठ पिळून तोडले. चिखल होता म्हणून धुतले. मातीसकट घरात आणायचे का?

मिशिगनकाका
देठ तुटला तिथूनच बुरशी आत शिरते. कात्रीने कापायचा, बोटभर देठ ठेवून. चिखल सुकू द्यायचा आणि फडक्याने पुसायचा. काढण्याआधी सालीला नख लावून बघायचं, रुतलं तर फळ कोवळं आहे.

आता जे टणक आहेत ते 27 ते 30 अंशांत दहाएक दिवस ठेवा, एकमेकांना न चिकटवता. घर तापवायच्या भट्टीच्या खोलीत जमेल. नंतर 10 ते 13 अंश, कोरडी जागा. गराज त्याखाली जात असणार. थंडी बाधली की वरून धड दिसतो आणि आतून पाणी सुटतं. एकॉर्नला मात्र ऊब द्यायची नाही, तो महिना-दीड महिन्यात संपवा. बटरनट दोन-तीन महिने. मार्च गाठायचा तर पुढच्या वर्षी हबर्ड लावा, तो पाच-सहा महिने राहतो. आणि सफरचंदांची पेटी लांब ठेवा.

बरणीवाली
एवढा खटाटोप कशाला? मी शिजवून घोटते, बरण्यांत भरते आणि बरण्या अर्धा तास उकळते. वर्षभर सूप.

मिशिगनकाका
कृपा करून हे करू नका. भोपळ्यात आंबटपणा नाही, बोटुलिझमची, म्हणजे जीवघेण्या विषबाधेची भीती असते. अमेरिकी कृषी खातं फक्त फोडींना परवानगी देतं, त्याही प्रेशर कॅनरमध्ये, म्हणजे बरण्या दाबाखाली तापवायच्या खास भांड्यात. घोटलेल्या गराला नाहीच. आपला शिट्टीचा कुकर चालत नाही. गर फ्रीझरमध्ये टाका.

बरणीवाली
कित्येक वर्षं करतेय, कुणी मेलं नाही.

दिठी
मेलेले इथे लिहायला येत नाहीत, ताई.

टोमॅटोप्रेमी
हिरवे टोमॅटो वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले तर हळूहळू पिकतात.

नवलकोल
टोमॅटोचं कुणी विचारलंय? फ्रीझर मक्याने भरलाय. बरं, बिया धरू ना पुढच्या वर्षीला?

परसदार
जरूर धरा. आमच्या अकोले तालुक्यात राहीबाई पोपेरेंनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली, 2020 मध्ये पद्मश्री मिळाली त्यांना. बी खडखडीत वाळवा आणि राख लावून मडक्यात ठेवा.

दिठी
राख ठीक, पण त्या बियांतून काय निघेल? बटरनट आणि लाल भोपळा एकाच प्रजातीचे. शेजारी-शेजारी लावले असतील तर मधमाश्यांनी संकर केलाच असेल. एकॉर्न वेगळ्या प्रजातीचा, पण तो झुकिनीशी जुळतो. शुद्ध बी हवं तर मादी फूल उमलायच्या आदल्या संध्याकाळी बांधून ठेवायचं आणि सकाळी हाताने पराग लावायचा.

कायदेपंडित
भारतातून बिया नेल्या तेव्हा परवाना काढला होता का? विमानतळावर जाहीर केल्या होत्या?

नवलकोल
काका, तळघर बघितलं, 12 अंश आहे. टणक होते ते भट्टीपाशी मांडलेत, दहा दिवसांनी खाली नेईन. एकॉर्न आजपासून रोज जेवणात, मुलं वैतागलीत. लाल भोपळा नुसता मऊ झालेला होता तेवढा किसलाय. घारग्यांना गूळ किती?

बरणीवाली
किसाच्या निम्मा. दोन्ही शिजवून गार झालं की मावेल तेवढी कणीक, पाणी अजिबात नको. हे तरी करा माझ्या पद्धतीने.