तुमचं काम मोबाइलनं कसं बदललं? नागपूरकरांनो, लिहा

धागा सुरू करणारा, जनसंपर्काचं काम

२००३ साली या कामाला लागलो तेव्हा जवळ एक लूना आणि प्रेसनोटच्या २५ प्रती असायच्या. धंतोलीच्या टिळक पत्रकार भवनात पत्रपरिषद आटोपली की सहाच्या आत प्रत्येक दैनिकाच्या कचेरीत नोट आणि फोटोचं पाकीट पोचवायचं. तिथला उपसंपादक माझ्यासमोरच निम्मी नोट कापायचा, विशेषणं आधी. फार राग यायचा. आता ग्रुपवर नोट टाकली की दहा मिनिटांत पोर्टलांवर जशीच्या तशी. मागच्या हिवाळी अधिवेशनाच्या गडबडीत मी एका कार्यक्रमाची तारीख चुकवली. चूक ११ ठिकाणी लागली. दुरुस्ती पाठवली, ती दोघांनी घेतली. पूर्वी ग्राहक विचारायचा, 'कितव्या पानावर?' आता विचारतो, 'व्ह्यूज किती?' तो कापणारा माणूस मला हल्ली फार आठवतो.

तुमच्याकडे काय झालं? धंदा, बातमी, जाहिरात, काहीही चालेल. उपदेश नको, घडलेलं लिहा. मालकाचं, ग्राहकाचं नाव टाकू नका.

गांधीबाग, साड्यांचं दुकान

२०२० ची टाळेबंदी. शटर खाली, लग्नसराईचा माल आत. मी घरून फेसबुक लाइव्ह सुरू केलं तर सासरे म्हणाले, "हात लावल्याशिवाय बाई साडी घेत नाही." पहिल्या दिवशी १८ जणी बघत होत्या, त्यातल्या सहा नात्यातल्या. दिवाळीपर्यंत गोंदिया, बालाघाट, छिंदवाड्याहून ऑर्डरी यायला लागल्या.

पण मामंजींचं म्हणणं दुसऱ्या दारानं परत आलं. ट्यूबलाइटखाली जांभळी दिसलेली साडी घरी वांगी रंगाची निघायची आणि पार्सल वापस. कॅश ऑन डिलिव्हरीत जाण्यायेण्याचा खर्च आमच्याच बोकांडी. शेवटी तेच म्हणाले, "त्यांना हात लावता येत नाही, तर तू लावून दाखव." तेव्हापासून लाइव्ह सकाळी ११ ला, दुकानाच्या दारात, उजेडात. काठ मुठीत आवळून सोडते, सुरकुती किती पडली ते दिसतं. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ असेल तरच बदलून देते. मागून मामंजींचा आवाज सुरूच असतो, "पदर उलटा करून दाखव." बायका आधी त्यांना नमस्कार लिहितात, मग भाव विचारतात.

तर्री पोहेवाला

२०२४ च्या फेब्रुवारीत सदरच्या डॉली चायवाल्याचा बिल गेट्ससोबत व्हिडिओ आला. निघाला तो हैदराबादेत, पण क्यामेरेवाले पोट्टे फिरून राहिले नागपुरात. माया ठेल्यावर एक आला. म्हणे काका, तर्री उंचावरून टाका. टाकली. हात पोळला. म्हणे अजून एकडाव, नीट नाही आली. पोहे थंडे, मांगची लाइन चिडून राहिली. दोन लाख लोकायनं पाह्यलं म्हणते. विकले तेवढेच, पोह्याचा गंज तेवढाच हाये ना बाप्पा!

वार्ताहर, एक मराठी दैनिक

२३ सप्टेंबर २०२३. शहर आवृत्ती सोडून रात्री दीडला घरी आलो. पहाटे फोन थरथरायला लागला तो थांबेना. काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडलेला, नागनदी वस्त्यांत, मोरभवनच्या एसटी गाड्या पाण्यात. त्या शनिवारी ज्यांच्या दारात अंक पडला त्यांना त्यात या पाण्याचा एक शब्द सापडला नाही. छापून आलं रविवारी. त्या दिवशी आम्ही बातमी आणली नाही, आलेली चाळली.

कोणीतरी 'तलाव फुटला' असं टाकलं. फुटला नव्हता, सांडव्यावरून वाहत होता. पण माझी मावशी दागिन्यांचा डबा घेऊन गच्चीवर जाऊन बसली ती बसलीच. मी फोनवर सांगितलं तरी तिचा ग्रुपवर विश्वास जास्त.

व्हिडिओ शेकड्यांनी येत होते. गाडीचा नंबर एमएच ३१ किंवा ४९ आहे का, दुकानाची पाटी वाचता येते का, हे बघायचो. आणि कान. एका व्हिडिओत कार वाहत होती आणि मागून आवाज, "अरे बघ, गाडी चालली." आपल्याकडचा माणूस 'गाडी वाहून राहिली बे' म्हणाला असता. शंका आली, शोधलं, तर व्हिडिओ दोन वर्षं जुना, दुसऱ्याच शहराचा. (हे काही शास्त्र नाही. पुण्याची मंडळीही इथे राहतात. संपादकांना मी हे कारण सांगितलंच नाही.)

खाण्याच्या रील करणारी

पैसे किंवा फुकट जेवण घेतलं तर रीलवर तसं स्पष्ट लिहायचं, असं जाहिरात मानक परिषदेनं २०२१ मध्ये सांगितलं आणि केंद्र सरकारनं जानेवारी २०२३ मध्ये. दिशाभूल केली तर दंड १० लाखांपर्यंत. हे मला पाठ आहे. तरी एका सावजी भोजनालयाच्या मालकानं 'ते जाहिरात-बिहिरात काढा' म्हटल्यावर मी काढलं. घरभाडं थकलं होतं. खाली पहिली कॉमेंट माझ्या आत्याची, "कालच तर म्हणत होतीस, तिथं खाऊन पोट बिघडलं." आता लिहिते. पैसे कमी मिळतात.

तर्री पोहेवाला

ताई, माया ठेल्यावर या. फुकट नाही देणार.

महाल, पेपर एजन्सी

३२ वर्षं झाली. टाळेबंदीत घरोघरी अंक टाकणं बंद झालं, लोकांना पीडीएफची सवय लागली, ती सुटली नाही. ३४० प्रतींच्या २१० उरल्या. पोरगा म्हणतो, दुसरं काही बघा.

एक सांगतो. कोणी गेलं की ग्रुपवर तासाभरात खबर, मोक्षधामला किती वाजता तेही. दुसऱ्या दिवशी निधनवार्ता छापून येते तेव्हा सगळं आटोपलेलं असतं. तरी पहाटे साडेपाचला त्याच घरातून फोन येतो, "भाऊ, आजच्या दहा प्रती जास्तीच्या ठेवा." कोणत्या पेपरच्या ते मी आता विचारत नाही. सगळ्यांच्या ठेवतो.