मदत हवी आहे: जुलै १९१४ चा तासवार तक्ता जुळत नाहीये. मोबिलायझेशन आधी कुणी केलं?

खडू_फळा

नमस्कार मंडळी. पदवीच्या वर्गासाठी पहिलं महायुद्ध कसं पेटलं याचा, २३ जुलै ते ४ ऑगस्ट १९१४ चा तासवार तक्ता करतोय. रकाने पाच: व्हिएन्ना, बर्लिन, सेंट पीटर्सबर्ग, पॅरिस, लंडन. तीन ठिकाणी अडलंय.

१) रशियाच्या मोबिलायझेशनची (युद्धासाठी सैन्य जमवण्याची) तारीख कुठे १७ जुलै, कुठे ३०, तर कुठे ३१ दिलेली आहे. कुठली धरू?

२) १ ऑगस्टला फ्रान्सचा हुकूम दुपारी ३.५५ चा आणि जर्मनीचा ५.०० चा. म्हणजे फ्रान्स तासभर आधी, असंच लिहायचं का?

३) त्याच संध्याकाळी कैसर, म्हणजे जर्मन सम्राट, म्हणतो, सगळं सैन्य पूर्वेला, रशियाकडे वळवा. त्याचा सेनाप्रमुख मोल्टके म्हणतो, जमणार नाही. सम्राटाला तोंडावर नाही म्हणतो तो कशाच्या बळावर? 'रेल्वेमुळे' असं सगळे लिहितात, पण रेल्वेत नेमकं काय अडतं ते कुणी लिहीत नाही.

साम्राज्यवाद, राष्ट्रवाद, गुप्त करार ही परीक्षेची उत्तरं कृपया नकोत. ती मुलांना पाठ आहेत.

दुर्बीण

१ आणि २ चं सांगतो.

रशियात तेव्हा जुनी ज्युलियन दिनदर्शिका होती, आपल्यापेक्षा १३ दिवस मागे. म्हणजे तिथली १७ जुलै ही आपली ३० जुलै. झारने सार्वत्रिक मोबिलायझेशनला होकार दिला तो ३० ला दुपारी, तारा सुटल्या संध्याकाळी, आणि मोबिलायझेशनचा 'पहिला दिवस' ३१. तिन्ही तारखा बरोबर आहेत, फक्त गोष्टी वेगळ्या आहेत. सर्बियाच्या कागदांतही ज्युलियन तारखा येतात, तिथेही लक्ष ठेवा.

त्याआधी २९ ला एक मोठा घोळ आहे, तो गाळू नका. झारने सार्वत्रिक हुकमावर सही केलेली होती, मोबिलायझेशन विभागाचा जनरल दोब्रोरोल्स्की तारघरात जाऊन बसला होता, आणि रात्री साडेनऊच्या सुमारास हुकूम थांबवल्याचा फोन आला. कैसरची तार वाचून झारने माघार घेतली होती. त्याऐवजी आंशिक हुकूम गेला: कीव्ह, ओडेसा, मॉस्को आणि कझान हे चार लष्करी विभाग.

आता दुसरा प्रश्न. घड्याळं जुळवा. फ्रान्स १९११ पासून ग्रीनिच वेळेवर होता, बर्लिन एक तास पुढे. पॅरिसचे ३.५५ म्हणजे बर्लिनचे ४.५५. फरक पाच मिनिटांचा. कुणी कुणाचं पाहून केलेलं नाही. सेंट पीटर्सबर्ग बर्लिनच्याही साधारण तासभर पुढे. जर्मन राजदूत पूर्तालेसने रशियाचा परराष्ट्रमंत्री सझोनोव्हच्या हातात युद्धघोषणा ठेवली ती तिथल्या सातच्या सुमारास, म्हणजे बर्लिनच्या सहाच्या. ब्रिटनची ४ ऑगस्टची मुदत लंडनला रात्री ११ आणि बर्लिनला मध्यरात्री, हेही त्यामुळेच.

सगळं बर्लिनच्या वेळेत आणा आणि मूळ वेळ कंसात ठेवा. शिवाय 'मोबिलायझेशन' असा एकच रंग वापरू नका, तीन लागतील: पूर्वतयारी, हुकूम, पहिला दिवस. रशियाची पूर्वतयारी २६ जुलैलाच सुरू झाली होती. जर्मनीने 'युद्धधोक्याची स्थिती' जाहीर केली ३१ ला दुपारी एकच्या सुमारास, रशियाची बातमी पक्की झाल्यावर.

ब्रॉडगेज

तिसरा प्रश्न माझ्या आवडीचा, त्यामुळे जरा लांबेल.

आधी आकार बघा. जर्मनीने ऑगस्टमध्ये सुमारे ३० लाख माणसं आणि साडेआठ लाखांवर घोडे हलवले, गाड्या लागल्या ११,००० च्या आसपास. एका आर्मी कोअरला (काही डिव्हिजनांचा मोठा गट) सुमारे १४० गाड्या. कोलोनचा होहेनझोलर्न पूल घ्या: २ ते १८ ऑगस्टदरम्यान त्या एका पुलावरून सुमारे २,१५० गाड्या गेल्या, साधारण दर दहा मिनिटांना एक.

हे जमतं कारण सगळ्या लष्करी गाड्या एकाच संथ वेगाने, ताशी तीसेक किलोमीटरने सोडतात. कुणी कुणाला ओलांडत नाही. वेग वाढवायचा प्रश्नच येत नाही, कारण सगळ्यात कमकुवत इंजिन आणि सगळ्यात कठीण चढ धरूनच वेळापत्रक आखलेलं असतं. प्रत्येक गाडीला पाण्याचा थांबा, कोळशाचा थांबा, जेवणाचा थांबा ठरलेला. आणि मुख्य म्हणजे उतरण्याचं स्टेशन ठरलेलं. माणूस कुठेही उडी मारून उतरेल, पण घोडा आणि तोफ उतरवायला लांब फलाट आणि उतार लागतो. तसं स्टेशन प्रत्येक गावात नसतं. रिकामे डबे वेळेत परत आले नाहीत तर मागच्या तुकड्या ठाण्यातच बसून राहतात.

आता मध्येच 'पूर्वेला वळवा' म्हटलं तर काय होतं? पायदळ एका दिशेला, त्याच्या तोफा दुसऱ्या दिशेला, दारूगोळा तिसऱ्याच साइडिंगवर. मोल्टकेने कैसरला हेच सांगितलं: लाखोंचं सैन्य ऐनवेळी जुळवता येत नाही, तिथे पोचेल ती नुसती हत्यारबंद गर्दी असेल, तीही उपाशी.

पण ही अर्धीच गोष्ट झाली. जर्मनीकडे पूर्वेचा वेगळा आराखडा पूर्वी होता, दरवर्षी तो अद्ययावत व्हायचा. एप्रिल १९१३ पासून ते काम बंद केलं. म्हणजे १ ऑगस्टला कपाटात एकच चालू योजना होती, पश्चिमेची. फ्रान्सशी भांडण नसलं तरी आधी फ्रान्सवरच जायचं!

आणि त्या योजनेत एक खिळा होता, बेल्जियमचं लिएज. आधीचा सेनाप्रमुख श्लीफेन याच्या १९०५ च्या टिपणात सैन्य हॉलंडच्या मास्ट्रिख्टच्या टोकातूनही जाणार होतं. मोल्टकेने हॉलंड तटस्थ ठेवायचं ठरवलं, त्यामुळे उजव्या बगलेची सगळी वाहतूक लिएजच्या चिंचोळ्या खिंडारातून. तिथले पूल आणि बोगदे बेल्जियनांनी उडवायच्या आत हातात यायला हवेत. म्हणून सहा ब्रिगेड राखीव सैनिकांची वाट न बघता, शांतताकाळातल्या संख्येनेच पुढे निघणार होत्या. ४ ऑगस्टला सकाळी त्यांनी हद्द ओलांडली. तो मोबिलायझेशनचा तिसरा दिवस.

मला वाटतं तक्त्याचा गाभा इथे आहे. रशिया सैन्य जमवून आपल्या हद्दीत आठवडेच्या आठवडे थांबू शकत होता. फ्रान्सने तर ३० जुलैला हद्दीपासून १० किलोमीटर मागे राहायचा हुकूम दिला होता. जर्मनीच्या योजनेत जमवणं आणि घुसणं यांच्यामध्ये थांबायची जागाच नव्हती. शब्द एकच, 'मोबिलायझेशन', पण बर्लिनमध्ये त्याचा अर्थ तिसऱ्या दिवशी परक्या देशात असा होता.

आग्यावेताळ

ब्रॉडगेज, तपशील झकास, पण ह्याने सगळा दोष रुळांवर जातो आणि माणसं सुटतात. वेळापत्रक कुणी आपोआप सुरू केलेलं नाही. ५ जुलैला पॉट्सडॅममध्ये ऑस्ट्रियाला कोरा चेक, म्हणजे बिनशर्त पाठिंबा, देताना कुठली गाडी सुटणार होती?

'वळवणं अशक्य' हेही तपासून घ्या. जर्मन रेल्वे विभागातल्या जनरल फॉन श्टाब्सने १९२५ मध्ये सविस्तर आकडेमोड छापून दाखवलं की बरंचसं सैन्य पूर्वेला वळवता आलं असतं. मोल्टकेचं म्हणणं त्याच्या खात्यातल्याच माणसाने खोडलं. त्यामुळे 'अशक्य होतं' ऐवजी 'मोल्टकेने अशक्य म्हटलं' असं लिहा.

त्या संध्याकाळचा क्रमही नीट द्या. पाचला सही, लगेच लंडनहून जर्मन राजदूत लिख्नोव्स्कीची, फ्रान्स युद्धाबाहेर राहील अशी आशादायक तार, लक्झेंबर्गमध्ये जाणारी १६ वी डिव्हिजन थांबवायचा कैसरचा हुकूम, तोवर सातला एक छोटी तुकडी तिथल्या त्रवाव्हिएर्झ स्टेशनात घुसलेली. रात्री अकराच्या सुमारास ब्रिटनचा राजा जॉर्जचं उत्तर आलं की काहीतरी गैरसमज झालाय. मग कैसर मोल्टकेला म्हणतो, आता काय हवं ते कर.

खडू_फळा

मनापासून आभार. घड्याळांमुळे दोन दिवसांची डोकेदुखी गेली. आता व्हिएन्नाचा रकाना. सर्बियाशी युद्ध २८ जुलैला जाहीर, पण खरी चढाई ऑगस्टच्या मध्याला. एवढी घाई होती तर मधला वेळ कशात गेला? आणि रशियाचं आंशिक मोबिलायझेशन त्यांच्याच सेनापतींना का नको होतं?

ब्रॉडगेज

दोन्हींचं उत्तर एकाच जातीचं आहे.

ऑस्ट्रियाचा सेनाप्रमुख कॉनराड. त्याने सैन्याचे तीन भाग केले होते: रशियासमोर 'ए', सर्बियासाठी लहान बाल्कन गट, आणि मधला 'बी' गट, बारा डिव्हिजनांच्या आसपास, गरज पडेल तिकडे जाणारा. कागदावर सोयीचं. २५ जुलैला त्याने सर्बियाविरुद्धचा हुकूम घेतला, पहिला दिवस २८. 'बी' गट दक्षिणेला निघाला. ३१ ला रशिया उतरणार हे कळल्यावर कॉनराड म्हणाला, 'बी' उत्तरेला फिरवा. रेल्वे विभागाचा प्रमुख कर्नल श्ट्राउब म्हणाला, आत्ता फिरवलं तर सगळाच विचका होईल, आधी दक्षिणेला पोचू द्या. मग हे सैन्य डॅन्यूब-साव्हाच्या काठी उतरलं आणि १८ ऑगस्टपासून पुन्हा गाड्यांत बसून रशियाच्या हद्दीवरच्या ऑस्ट्रियन गॅलिशिया प्रांताकडे निघालं. सर्बियात पूर्ण जोर लागला नाही आणि गॅलिशियात उशिरा पोचलं. ३ सप्टेंबरला तिथलं लेम्बर्ग शहर रशियाकडे गेलं.

आणि घाई म्हणाल तर, जुलैत बरेच सैनिक सुगीच्या रजेवर होते, २५ पर्यंत.

रशियाकडे फक्त ऑस्ट्रियाविरुद्धची तयार योजनाच नव्हती. सेनाप्रमुख यानुश्केविच त्या खुर्चीत मार्चपासूनच, त्याने २४ ला आंशिक मोबिलायझेशनला होकार देऊन टाकला. २६ ला योजना आखणारा जनरल डानिलोव्ह परत आला आणि त्याने डोक्याला हात लावला. वॉर्सा विभाग वगळला तर जर्मनी चिडणार नाही हा हिशोब, पण ऑस्ट्रियावर जायचं तर वॉर्सा विभागाचं सैन्य हवंच. शिवाय अंतर्भागातले राखीव सैनिक आणि डबे एकदा आंशिक योजनेत अडकले की नंतर सार्वत्रिक हुकूम काढणं अवघड. म्हणून तो सगळा रेटा: सगळं किंवा काहीच नाही.

आग्यावेताळ

पॅरिसच्या रकान्यात एक गोष्ट टाकाच. राष्ट्राध्यक्ष प्वांकारे आणि पंतप्रधान व्हिव्हियानी २३ च्या रात्रीपासून २९ पर्यंत समुद्रावर, युद्धनौकेवर होते. व्हिएन्नाने सर्बियाला द्यायचा निर्वाणीचा खलिता त्यांची नौका रशिया सोडेपर्यंत मुद्दाम रोखून धरला. बेलग्रेडला तो पाचऐवजी सहाला दिला तो याच हिशोबाने. ते २९ पर्यंत घरी नसल्याने तुमचा तो रकाना रिकामा दिसेल, तसाच ठेवा.

दुर्बीण

लंडनचाही २४ पर्यंत जवळजवळ रिकामा. त्या दिवशी मंत्रिमंडळ आयर्लंडच्या परगण्यांच्या हद्दींवर वाद घालत होतं, शेवटी परराष्ट्रमंत्री ग्रेने खलिता वाचून दाखवला.

वर्ग इकडचा असेल तर तळाशी सहावी बारीक पट्टी हिंदुस्थानची जोडा. ४ ऑगस्टला ब्रिटन उतरला म्हणजे हिंदुस्थानही उतरला, इथे कुणाला विचारलं नाही. पूना डिव्हिजनची पहिली ब्रिगेड ६ नोव्हेंबरला इराकच्या फाओला उतरली. त्यात ११७ वी मराठा पलटण होती. ही तारीख तक्त्याच्या बाहेर जाते, म्हणून पट्टीच्या टोकाला नुसता बाण काढा.

खडू_फळा

पट्टी आणि बाण घेतो. श्टाब्सचा मुद्दा मोल्टकेच्या चौकटीखाली बारीक अक्षरात. सर्बियाने स्वतःचं मोबिलायझेशन २५ ला दुपारीच, उत्तर द्यायच्या आधी सुरू केलं होतं ना? त्याला रकाना नाही.

दुर्बीण

हो, उत्तर देण्याआधी काही तास. सर्बियाचा पंतप्रधान पासिचने सहाच्या आत उत्तर दिलं आणि ऑस्ट्रियन राजदूत गीझल साडेसहाची गाडी पकडून निघालासुद्धा. व्हिएन्नाच्या रकान्यातच वेगळ्या रंगात घाला.