मदत हवी आहे: मांजराची हिपॅटायटिस व्हायरसची टेस्ट पुण्यात कुठे होते?

जिन्याखालची:
बोक्याचे कान आतून पिवळे पडलेत. एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी) ६१२. माणसाच्या हिपॅटायटिस बीसारखा व्हायरस मांजरांतही असतो असं वाचलं. मावसभाऊ लॅबमध्ये आहे, त्याने माणसांची हिपॅटायटिस बीची एचबीएसएजी पट्टी बोक्याच्या रक्तावर लावून बघितली, निगेटिव्ह आली. पुढची टेस्ट कोणती आणि पुण्यात कुठे, एवढंच सांगा. 'डॉक्टरांना दाखवा' लिहू नका, दाखवलंय.

पडवी:
वय? वजन? बिलिरुबिन? एफआयव्ही-एफईएलव्हीची (मांजरांची प्रतिकारशक्ती खचवणारे दोन व्हायरस) पट्टी केली का? खातोय का?

कोकणचा_काका:
आमच्याकडे काविळीला भुईआवळ्याचा रस, सकाळी अनशापोटी. तीन दिवसांत उतार. टेस्टा कसल्या करताय!

पडवी:
काका, मांजराला किती द्यायचा?

कोकणचा_काका:
माणसाला चालतं ते मांजराला का नाही चालणार?

पडवी:
पॅरासिटामॉल माणसाला चालतं. मांजराचा एका गोळीत जीव जाऊ शकतो.

शेपूटवाला:
माझ्या लॅब्रेडॉरला हिपॅटायटिसची लस दरवर्षी देतो. तुम्ही चुकवली असणार.

नमुना_क्र_७:
ती कुत्र्यांच्या अडिनोव्हायरसची, इथे संबंध नाही.
ताई, ती पट्टी विसरा. माणसाच्या व्हायरससाठी बनवलेली आहे, मांजराच्या रक्तावर निगेटिव्ह आली काय नि पॉझिटिव्ह आली काय, अर्थ शून्य. तुम्ही वाचलेला तो मांजरांचा हेपॅडना व्हायरस. २०१८ साली ऑस्ट्रेलियात पहिल्यांदा सापडला, तोही एफआयव्ही असलेल्या, लिम्फोमा (एक प्रकारचा कॅन्सर) झालेल्या मांजरात. नंतर इटली, थायलंड, मलेशियातही मिळाला. तो पीसीआरनेच (व्हायरसचा जनुकीय अंश शोधणारी टेस्ट) शोधतात. पण पॉझिटिव्ह आला तरी कावीळ त्यानेच झाली असं म्हणता येत नाही, धडधाकट मांजरांतही सापडतो. आणि त्यावर ठरलेलं औषध नाही.

सुगरण_७२:
घरातल्या सगळ्यांनी हिपॅटायटिस बीचे तीन डोस घ्या. आमच्या जाऊबाईंना...

नमुना_क्र_७:
मांजराकडून माणसाला झाल्याचा पुरावा नाही. लस जरूर घ्या, पण बोक्याच्या नावाने नको.

जिन्याखालची:
वय ९, वजन ७ किलो. बिलिरुबिन ४.८. बाकी पट्ट्या केल्या नाहीत. गुरुवारपासून खात नाही, पण घरात रंगकाम चालू आहे, रुसलाय.

पडवी:
अहो, आज सोमवार! हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं. जाड बोका चार दिवस उपाशी राहिला की अंगातली चरबी यकृतात साचते, त्यानेच कावीळ होते. पीसीआरचा रिपोर्ट येईपर्यंत हा टिकायला हवा ना? आत्ता निघा, नळीने खाणं सुरू करायचं का ते विचारा. घरी तोंडात कोंबू नका, ठसका लागेल.

शेपूटवाला:
रंग ऑइलपेंट आहे का? आमच्याकडे वासाने महिनाभर डोकं दुखत होतं. कंत्राटदार कोण?

कोकणचा_काका:
मी आधीच म्हणालो होतो, टेस्टा नकोत.

पडवी:
काका, तुम्ही खायला घाला असंही म्हणाला नव्हतात.

जिन्याखालची:
काल रात्री नाकातून नळी घातली. सोनोग्राफीत यकृत मोठं दिसतंय, डॉक्टर चरबीच म्हणतात. हे कशाने सुरू झालं ते शोधतायत, रंगाने की आधीच काही होतं. एफआयव्ही, एफईएलव्ही दोन्ही निगेटिव्ह. दर चार तासांनी थोडं थोडं पातळ खाणं जातंय. आज सकाळी माझ्यावर गुरगुरला.
पण पीसीआर कुठे होते ते अजून कोणीच सांगितलं नाही.

नमुना_क्र_७:
जांभळ्या टोपणाच्या बाटलीतलं रक्त थोडं राखून ठेवायला सांगा. पशुवैद्यक कॉलेजच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात विचारून बघा, करतात का.

कोकणचा_काका:
नळी आहेच, तर रसही त्यातूनच जाईल.