मदत हवी आहे: पोटाच्या प्लास्टर साच्याच्या कडा फाकल्यात

गरोदरपणाच्या ३५व्या आठवड्यात पोटावर घेतलेला साचा आहे, छातीपासून ओटीपोटापर्यंत. हाड मोडल्यावर घालतात तेच पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) बँडेज, १५ सेंमी रुंदीचे ४ रोल, हातभर पट्ट्या कापून कोमट पाण्यात बुडवलेल्या. अंगाला व्हॅसलीन, बेंबीत आणि लव असलेल्या जागी दुप्पट. पोटावर तीन थर बसले, कडेला मात्र दोनच, आणि घोळ तिथेच झालाय. २० मिनिटांत साचा अलगद सुटला, पण ओला असतानाच आत टॉवेलच्या गुंडाळ्यांचा आधार न देता टेबलावर ठेवला गेला. कडा दोन बोटं बाहेर फाकल्या आणि छातीखालच्या खळगीत केसाएवढी चीर पडली.

आता कडा सुतळीने आवळून आतून नवी पट्टी लावली तर धरेल का? आतल्या बाजूला व्हॅसलीन मुरलंय, त्यावर ओली पट्टी चिकटत नाही, वाळल्यावर पापुद्र्यासारखी सुटते. पॉलिश पेपरने खरवडणं पुरेसं आहे, की आधी फेविकॉल पाण्यात पातळ करून हात मारायचा?

दुसरं, पावसाळी हवा. दोन दिवस पंख्याखाली आहे, तरी गालाला लावला की गार लागतो, टिचकी मारली तर बद्द आवाज येतो. म्हणजे आत ओल आहेच. ओव्हन नको, जास्त तापलं की प्लास्टर भुसभुशीत होतं. अशा हवेत गेसो (रंगाआधी द्यायचा पांढरा अस्तर-लेप) लावण्याआधी तुम्ही किती दिवस थांबता?

(नवा साचा थेट पावडर कालवून अंगावर थापा, असं कृपया सुचवू नका. जाड थर घट्ट होताना चांगलाच तापतो, भाजतं.)