क्वार्क म्हणजे कॉटेज चीज नव्हे

जर्मन पाककृतींच्या इंग्रजी अनुवादात क्वार्कसाठी (जर्मन ताजं, मऊ चीज) 'कॉटेज चीज' सुचवलंय, ते मला पटत नाही. कॉटेज चीज दाणेदार, क्वार्क गुळगुळीत. केझेकूखनमध्ये (जर्मन चीजकेक) कॉटेज चीज तसंच घातलं तर काप मोडल्यावर आत दाणे दिसतात. इंग्रजीतही 'क्वार्क'च ठेवावं आणि पर्याय म्हणून टांगलेलं घट्ट दही सुचवावं. आपला चक्का त्याच्या बराच जवळ जातो, थोडा जास्त आंबट इतकंच.

खरी गोची पाकिटांची आहे. जर्मन पाककृतीत नुसतं '१ पेकशेन बाकपुल्फर' (एक पाकीट बेकिंग पावडर) लिहितात. तिथे सगळ्यांना माहीत असतं की त्यात साधारण १५ ग्रॅम बेकिंग पावडर असते, अर्धा किलो मैद्यापुरती. व्हॅनिला साखरेचं पाकीट मात्र ८ ग्रॅमचं. इंग्रजीत 'वन पॅकेट' लिहिलं तर वाचकाने काय समजायचं? तिथे ग्रॅम द्यायलाच हवेत.

आणि 'नाट्रोन' दिसलं की कृपया थांबा. तो खायचा सोडा, बेकिंग पावडर नव्हे. चमच्याला चमचा बदललात तर केकला साबणासारखी चव येते.

'मेसरश्पित्से' हा शब्द मात्र मला फार आवडतो: सुरीच्या टोकावर मावेल एवढं. त्याला 'पिंच' चालेल.